जूनचा हप्ता

आमच्या ट्रस्टच्या कपाटात लाल कापडी बांधणीची एक लांबट वही आहे, दुकानदार रोजकीर्दीला वापरतात तसली. संगणकावर सगळं असतंच, तरी ही वही मी हातानं लिहिते. डावीकडे मुलींची नावं, उजवीकडे महिने. एका मुलीची एक ओळ. ती कॉलेजात दाखल झाल्यापासून कोर्स संपेपर्यंत कुठल्या महिन्यात तिला किती पैसे द्यायचे आहेत, ते त्या ओळीत. शेवटच्या रकान्यात ते पैसे कुठून येणार तेही लिहिलेलं: अमुक तारखेचं ट्रेझरी बिल (म्हणजे सरकारला काही महिन्यांसाठी दिलेलं कर्ज), तमुक बँकेतली एफडी.

गेल्या आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. आम्ही दोघं म्युच्युअल फंडाच्या एकाच डीलिंग रूममध्ये, जिथे रोखे घेतात-विकतात तिथे, अकरा वर्षं शेजारी बसलो होतो. तोही आता नोकरी सोडायच्या विचारात आहे. "तू तिकडे दिवसभर नक्की करतेस काय, ते सांग," म्हणाला. मी बोलत राहिले, पण त्याला नीट सांगता आलं नाही असं फोन ठेवल्यावर वाटलं. म्हणून हे लिहितेय.

मी मूळची मिरजेची. आई सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होती. तिची नाइट असली की आम्ही भावंडं शेजारच्या काकूंकडे जेवायचो आणि सकाळी ती यायची तेव्हा तिच्या साडीला स्पिरिटचा वास यायचा. आमच्या घरातला पहिला पक्का पगार आईचा. त्यातूनच मी शिकले, मुंबईला आले आणि १९९४ मध्ये एका म्युच्युअल फंडात लागले. खासगी फंडांना परवानगी मिळून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. पुढची बावीस वर्षं मी कर्जरोखेच सांभाळले. शेअरकडे कधी वळले नाही.

त्या कामातला एकच दिवस सांगते. १५ जुलै २०१३, सोमवार. रुपया घसरत होता. रात्री रिझर्व्ह बँकेनं एमएसएफचा दर, म्हणजे बँकांना अडीनडीला रात्रीपुरतं कर्ज देण्याचा दर, एकदम १०.२५ टक्क्यांवर नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या लिक्विड फंडांची (कंपन्या थोड्या दिवसांसाठी पैसे ठेवतात ते फंड) एनएव्ही, म्हणजे युनिटची किंमत, कधी खाली येत नाही असं आम्ही गुंतवणूकदारांना सांगत होतो, तीच खाली आली. मग कंपन्यांचे फोन सुरू झाले. सगळ्यांना पैसे परत हवे, तेही आजच. माझ्याकडे पेपर, म्हणजे कंपन्यांचे कर्जरोखे, चांगला होता. एकही कंपनी बुडणारी नव्हती. पण चांगला पेपर असून उपयोग काय, त्या दिवशी घेणाराच नव्हता. पुढे दोन दिवसांत रिझर्व्ह बँकेनं म्युच्युअल फंडांसाठी २५,००० कोटींची खास सोय केली आणि आम्ही श्वास घेतला. पैसा किती आहे यापेक्षा तो कुठल्या दिवशी हातात येतो ते महत्त्वाचं, हे मी त्या आठवड्यात हाडीमाशी शिकले. निदान मला तसं वाटत होतं.

२०१६ मध्ये आई गेली. त्याच वर्षी पुण्यातल्या एका ट्रस्टनं विचारलं. भोसरीत छोटा कारखाना काढून तो मोठा केलेल्या एका गृहस्थांनी आपली जवळजवळ सगळी मिळकत मागे ठेवलेला हा ट्रस्ट. कॉर्पस, म्हणजे हात न लावायचा मूळ निधी, ११ कोटी. निम्मं उत्पन्न दोन ग्रामीण शाळांना, निम्मं आदिवासी आणि दुष्काळी भागातल्या मुलींच्या नर्सिंगच्या शिक्षणाला. ते "नर्सिंग" ऐकलं आणि मी पगार किती हेही न विचारता हो म्हटलं.

आधी मला कायद्यानं चक्रावून टाकलं. फंडात रोज बाजारभाव बघून हवं ते घेण्या-विकण्याची सवय. इथे आयकर कायदा सांगतो की ट्रस्टचा पैसा ठरलेल्या जागीच ठेवायचा: सरकारी रोखे, बँक ठेवी, पोस्ट आणि आणखी काही. थेट शेअर घ्यायचे नाहीत. आयकराच्या नियमांत म्युच्युअल फंड बसतात, पण १९५०च्या आपल्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३५ त्याहून कडक होतं. त्यातल्या यादीबाहेर जायचं तर धर्मादाय आयुक्तांचा आदेश लागायचा. कितीतरी ट्रस्टचे विश्वस्त पहिला कायदा वाचतात आणि दुसरा वाचतच नाहीत.

त्यात खर्चाचा नियम आणखी वेगळा. न्यू जर्सीत राहणारी माझी कॉलेजातली मैत्रीण एका फाउंडेशनच्या समितीवर आहे. तिनं विचारलं, "तुमचा पाच टक्क्यांचा हिशेब कसा करता?" अमेरिकेत खासगी फाउंडेशननं आपल्या मालमत्तेच्या साधारण पाच टक्के दरवर्षी वाटायचे असतात. आपल्याकडे मोजमाप मालमत्तेचं नाही, उत्पन्नाचं. वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के त्या वर्षी खर्च करायचे, १५ टक्के राखता येतात. जास्त साठवायचं तर कशासाठी ते आयकर खात्याला लेखी कळवायचं आणि पाच वर्षांच्या मुदतीत खर्चायचं. मार्च आला की ट्रस्टमध्ये जी घाई उडते ती यामुळे. ८५ टक्के भरले पाहिजेत, मग जो समोर येईल त्याला चेक. या घाईत जेवढा चांगला पैसा वाया जाताना मी पाहिला, तेवढा वाईट गुंतवणुकीतही पाहिला नाही.

आता जे सांगायचं आहे त्याकडे येते. ही चूक माझी होती आणि तिच्याबद्दल मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

२०१८ चा मे महिना. ट्रस्टच्या पैशांपैकी मोठा भाग ८ टक्क्यांच्या सरकारी बचत रोख्यांत होता. सहा वर्षांची मुदत, मधे हात लावता येत नाही. उरलेलं बँकांमध्ये. त्यातल्या ६२ लाखांच्या एफडी एका नागरी सहकारी बँकेत होत्या. तीस वर्षांचा घरोबा. दिवाळीला मॅनेजर स्वतः फराळाचा डबा घेऊन यायचे. व्याज अर्धा टक्का जास्त. आणि नेमक्या याच एफडी मेच्या शेवटी मॅच्युअर होणार होत्या, कारण जूनमध्ये मुलींचा हप्ता जायचा असे.

त्या बँकेचा ताळेबंद मी रुजू झाल्या वर्षीच वाचला होता. थकीत कर्जाचा आकडा बघून मला कळलं होतं. फंडात असते तर त्याच दुपारी बाहेर पडले असते. इथे मी नवी होते, विश्वस्त वयानं मोठे, मॅनेजर त्यांच्या घरातले. पुढच्या बैठकीत काढू विषय, असं म्हणत मी चार बैठका गप्प बसले.

मेमध्ये बँकेवर निर्बंध आले. खात्यामागे ठरावीक रकमेपेक्षा जास्त काढता येईना. ठेवींचा विमा तेव्हा १ लाखाचा. १९९३ पासून तो तिथेच होता, ५ लाखांवर तो गेला फेब्रुवारी २०२० मध्ये. आमच्या ६२ लाखांना त्याचा आधार तो किती असणार!

दुसऱ्या बँकेतली एफडी मोडली असती तर हप्ता गेला असता. पण मोडायला ठराव लागतो, ठरावाला बैठक, बैठकीला कोरम आणि बँकेच्या कागदावर तिघांच्या सह्या. एक विश्वस्त मुलीच्या बाळंतपणासाठी कॅनडात, एक दवाखान्यात. सगळं जुळायला सात आठवडे गेले.

त्या सात आठवड्यांत मुली फोन करत होत्या. नाशिकला जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी धडगावची. ती कधी पैशांचं नाव काढायची नाही. "मॅडम, तुम्ही बऱ्या आहात ना?" एवढंच विचारायची. एकदा म्हणाली, "मेसच्या मावशींनी माझं नाव फळ्यावर लिहिलंय." मी म्हटलं, "अगं, येतात पैसे, चार दिवस थांब." असे चार दिवस मी तिला तीनदा सांगितले. ऑगस्टमध्ये पैसे गेले तेव्हा कॉलेजनं कळवलं, ती जुलैतच गावी निघून गेली.

दिवाळीनंतर मी धडगावला गेले. शहाद्याहून सातपुड्याचा घाट चढून. तिचं घर पाड्यावर, रस्त्यापासून अर्धा तास आत. ती नव्हती. मामाच्या टोळीबरोबर बारडोलीकडे ऊसतोडीला गेली होती. वडील पावरी बोलायचे, धाकटा भाऊ मला मराठीत सांगायचा. मी आत बसले, त्यांनी पाणी दिलं. मग वडिलांनी पत्र्याची पेटी उघडली. आत तिचा गणवेश होता, घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत. आणि त्याखाली आमच्या ट्रस्टचं पत्र. निवड झाल्याचं. त्यांनी ते शहाद्याला जाऊन लॅमिनेट करून आणलं होतं.

ते पत्र मी तिथे पहिल्यांदा नीट वाचलं. खाली एक ओळ होती: "पुढील वर्षांचे अर्थसाहाय्य निधीच्या उपलब्धतेनुसार देण्यात येईल." कित्येक वर्षं तेच पत्र जात होतं. मीही त्यावर दोन वर्षं सह्या केल्या होत्या. त्या घरानं ते पत्र देवाच्या फोटोसारखं जपलं आणि आम्ही त्यात लिहिलं होतं की जमलं तर बघू.

वडिलांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. निघताना भावाकरवी एवढंच विचारलं, आता परत घेतील का तिला. मी कॉलेजशी बोलले. खंड पडला होता, परीक्षा हुकली होती. तिलाही पुन्हा निरोप धाडला. ती आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

परतीच्या एसटीत मी आकडे मांडत होते, कारण मला दुसरं काही येत नाही. नर्सिंगसाठी आमच्याकडे वर्षाला साधारण साडेअडतीस लाख. एका मुलीला वर्षाला ७० हजार, म्हणजे ५५ मुली. त्यातल्या ३० नव्या, कारण वार्षिक अहवालात दरवर्षी "३० नव्या विद्यार्थिनी" छापायची पद्धत. कोर्स तीन वर्षांचा. तीस-तीस अशा तीन तुकड्या धरल्या तर ९० मुली व्हायला हव्यात. पैसे ५५ जणींचे. मग उरलेल्या ३५ कुठे जातात? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्यांना आम्ही "उपलब्धतेनुसार" गाळत होतो. बँकेचं निमित्त झालं, पण ती बँक ठणठणीत असती तरी कुठल्याही वर्षी ३५ मुली अशाच अर्ध्या वाटेवर सुटलेल्या असायच्या. काही कर्ज काढून पूर्ण करायच्या, काही करायच्या नाहीत.

फंडात आम्ही गुंतवणूकदाराला पैसे परत द्यायची तारीख देणं म्हणून मांडायचो. इथे मुलीला दिलेला शब्द कुठेच देणं म्हणून मांडलेला नव्हता. ताळेबंदात तिचं नाव नव्हतं.

जानेवारीच्या बैठकीत मी म्हटलं, यापुढे वर्षाला १८ नव्या मुली. पण ज्या घेऊ त्यांना तीन वर्षं पूर्ण. १८ गुणिले तीन, ५४. पैसा तोच, जवळजवळ जागाही तेवढ्याच. फरक इतकाच की प्रत्येक जण नर्स होऊन बाहेर पडेल.

अध्यक्ष निवृत्त इंजिनियर, मनानं अतिशय चांगले. म्हणाले, "ताई, तीसच्या अठरा करायच्या? लोक म्हणतील ट्रस्टचं काम आटलं." मी म्हटलं, "सर, धरण किती उंच ठरवलं होतं ते कोणी विचारत नाही, पाणी किती शेतांपर्यंत पोचलं ते विचारतात." त्यांनी पाटबंधारे खात्यात हयात घालवली होती. बराच वेळ ते पेन फिरवत बसले. मग म्हणाले, "ठराव लिहा." आणि ती पत्रातली ओळ त्यांनी स्वतः खोडली. आता तिथे लिहिलेलं असतं: "हे अर्थसाहाय्य अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत दिले जाईल."

ती लाल वही त्या महिन्यात सुरू झाली. मग काम सोपं होतं, म्हणजे माझ्या ओळखीचं होतं. ज्या महिन्यात पैसे जायचे त्याच्या पंधरा दिवस आधी ते यायला हवेत. जवळचे हप्ते ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलांत. पुढच्या दोन वर्षांचे राष्ट्रीयीकृत बँकांतल्या एफडीत, एकाच बँकेत पाचवा हिस्सा, त्याहून जास्त नाही. मूळ कॉर्पस केंद्र सरकारच्या आणि राज्यांच्या रोख्यांत. हे रोखे घ्यायला आपण फार मोठे असायला लागत नाही, हे मला प्रत्येक छोट्या ट्रस्टला सांगावंसं वाटतं. लिलावात नॉन-कॉम्पिटिटिव्ह बोलीची सोय आहे, ट्रस्टनाही ती खुली आहे, कमीत कमी रक्कम १० हजार. आपण भाव सांगायचा नाही, लिलावात ठरेल तो घ्यायचा. बँकेत गिल्ट खातं, म्हणजे सरकारी रोखे ठेवायचं खातं, उघडायला मात्र चिकाटी लागते. आम्हाला चार महिने लागले, कारण शाखेत ते कोणी उघडलेलंच नव्हतं.

सहकारी बँकेतले पैसे? ती पुढे दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि बहुतेक रक्कम टप्प्याटप्प्यानं परत आली. पैसे परत येतात.

कंपन्यांकडून सीएसआर, म्हणजे त्यांनी समाजकार्यासाठी काढलेला पैसा, घ्या, असं मला खूप जण सांगतात. आम्ही घेतो. पण त्याचंही वेळापत्रक समजून घ्यावं लागतं. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्चावे लागतात आणि त्यांचा जीव ३१ मार्चवर असतो. त्यांना या वर्षी सुरू होऊन या वर्षी संपणारं काही हवं असतं. जानेवारी २०२१ च्या नियमांनी एक दार बंद केलं: सीएसआरचा पैसा कोणाच्या कॉर्पसला देता येत नाही. एक दार मात्र उघडं आहे. "चालू प्रकल्प" म्हणून नोंद केली तर सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं तो चालवता येतो. तीन वर्षांचा जीएनएम त्यात नेमका बसतो. हे मी कंपन्यांच्या लोकांना कागदावर काढून दाखवते. दहापैकी दोघं-तिघं तयार होतात. पण जे तयार होतात त्यांच्या मुली शेवटपर्यंत जातात.

कॉर्पस मात्र माणसांकडूनच येतो. अण्णासाहेब कर्वे गावोगाव हिंडून लहान लहान देणग्या गोळा करत राहिले, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, पण त्याला पाया मिळाला तो १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख दिले तेव्हा. नातवंडांच्या वयाच्या मुली शिकतील म्हणून आज पैसा बाजूला टाकणारा माणूस दुर्मीळ असतो. आमच्या मूळ देणगीदारांना मी कधी भेटले नाही. त्यांच्या जुन्या फायली चाळताना एक यादी मिळाली, कारखान्यातल्या कामगारांच्या मुलींची, पुढे त्यांच्या अक्षरात फीचे आकडे. तीसुद्धा एका मुलीची एक ओळ अशीच होती.

यंदाची गोष्ट सांगते आणि थांबते. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे बँकांना कर्ज देण्याचा तिचा मुख्य दर, ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला. घरकर्ज असलेल्या सगळ्यांना आनंद झाला, मलाही माझ्या भाच्यासाठी झाला. पण ट्रेझरी बिलांचे दर जवळजवळ तेवढेच खाली आले. यंदा आम्हाला अडीच कोटी नव्यानं गुंतवायचे होते. अडीच कोटींवर एक टक्का म्हणजे वर्षाला अडीच लाख. आणि आता एका मुलीच्या तीन वर्षांच्या कोर्सला, मेस धरून, अडीच लाखच लागतात.

डीलिंग रूममध्ये असताना एक टक्का म्हणजे स्क्रीनवरचे शंभर बेसिस पॉइंट. आता मला त्याचा चेहरा माहीत असतो, कारण मुलाखती मीच घेते. यादीतली अठरावी मुलगी मेळघाटातली, धारणीची. गावात बाळंतपणाला डॉक्टर यायच्या आधी काय काय होतं, ते तिनं इतकं शांतपणे सांगितलं की मुलाखत संपल्यावर अध्यक्ष उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

सतरा पत्रं गेली आहेत. अठरावं लिहून झालंय, सही राहिली आहे. वहीत तिची ओळ आखलेली आहे, महिने भरलेले आहेत, शेवटचा रकाना कोरा आहे. तो भरल्याशिवाय पत्र पाठवायचं नाही हा नियम मीच केलेला आहे आणि मी तो मोडणार नाही.

त्या सहकाऱ्याला मी आज पुन्हा फोन केला. या वेळी दिवसभर काय करते ते सांगितलं नाही, ही एक ओळ वाचून दाखवली. तो म्हणाला, शुक्रवारी कळवतो. कॉलेजात फी भरायची शेवटची तारीख सोमवार आहे.